तिसरी रेड

दोन्ही तळवे मातीत घासायचे, मांडीवर पुसायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचं, “तू थांब, मी जातो.” केडगावच्या आमच्या कबड्डी संघातला हा दुसरा रेडर. पहिला मी, असं निदान मी समजत होतो. लोक मात्र त्याच्या नावानं ओरडायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. मी पॉइंट घेऊन परतलो तर चार टाळ्या. तो बाद होऊन बाहेर बसला तरी लोक त्याला पाणी नेऊन देणार. वर दिसायलाही माझ्याहून बरा.

तालुक्याच्या संघात आमच्यातला एकच रेडर घेणार होते. सगळ्या सामन्यांचे स्कोअर मोबाइलवर होतेच. मी दोघांचे आकडे काढले. रेडमागे पॉइंट माझे जास्त, बाद होणं माझं कमी. खुशीत दोन चहा प्यालो आणि आम्हाला शिकवणाऱ्या आप्पांपुढं मोबाइल धरला.

आप्पांनी सगळं नीट पाहिलं. “आकडं खरं हायेत,” ते म्हणाले. “आन् तिसऱ्या रेडी कुणाच्या?”

संघाच्या लागोपाठ दोन रेडी कोऱ्या गेल्या की तिसरीत पॉइंट आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. समोरचे टपूनच बसलेले असतात. त्याचं ते “तू थांब” नेमकं तेव्हाच यायचं. मला वाटायचं, भाव खातोय.

आप्पांनी त्यालाच निवडलं. “तू पायजे व्हतास,” तो मला म्हणाला. त्याला ते मनापासून वाटत होतं, म्हणून मी आणखीच जळलो.

गेल्या वर्षी तो नोकरीसाठी गुजरातला गेला. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

यंदा केंदूरच्या जत्रेत सामना अगदी अटीतटीला आला आणि आमच्या दोन रेडी कोऱ्या गेल्या. सवयीनं मी मागे सरून वाट करून दिली. शेजारी कुणीच नव्हतं. सगळा संघ माझ्याकडे बघत होता. गेलो. त्यांनी घोटा धरून मला आडवा केला आणि सामना गेला.

बाहेर येऊन बसलो. कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मला असं पाणी कुणी पहिल्यांदाच देत होतं.

“प्या,” तो म्हणाला. “तुमचा तो दुसरा गडी कुठं असतो आता?”

“गुजरातला,” मी म्हणालो आणि डोळे भरून आले. जळफळाटानं आले, असं मी घरी सांगितलं.