खिशातलं राज्य

वासुदेव घारपुरे अमेरिकेत कधी गेलेले नाहीत. तिथला विमानतळसुद्धा त्यांनी पाहिलेला नाही. पण पेन्सिल्व्हेनियातल्या ईरी नावाच्या जिल्ह्यात लोक कुणाला मत देतील, का देतील आणि देऊन आल्यावर घरी काय सांगतील, हे ते जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधल्या आपल्या सोफ्यावर बसून छातीठोकपणे सांगतात. ईरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. राष्ट्राध्यक्ष जो होतो तो बहुतेक वेळा ईरीतही जिंकलेला असतो, म्हणून गृहस्थाचं सगळं लक्ष त्या तळ्याकाठच्या जिल्ह्यावर. जावयावर कुणी इतकं लक्ष ठेवलं असतं तर भांडणं झाली असती.

स्वतः घारपुऱ्यांनी मात्र कित्येक वर्षांत कुठेही मत दिलेलं नाही. पासपोर्ट भारताचा, म्हणून जर्मनीत मत नाही. भारतातलं मतदान असतं त्या दिवशी हे इथे कारखान्यात. म्हणजे पोहायला न उतरता काठावरून सूचना करणारी जी माणसं असतात, त्यातला हा प्रकार. असं तोंडावर म्हटलं तर ते अजिबात रागावत नाहीत. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणतात, "काठावरून पाणी जास्त स्वच्छ दिसतं."

हा नाद लागला तो कामातून. गावातल्या अवाढव्य रसायन कारखान्यात त्यांचं आयुष्य टाक्यांतून नमुने काढण्यात गेलं. टाकीत काय आहे ते कळायला सगळी टाकी रिकामी करावी लागत नाही, नीट काढलेला पेलाभर नमुना पुरतो. पण तो वरून, मधून आणि तळातून असा तिन्हीकडून हवा. दोन हजार सोळा साली अमेरिकेतले निकालाचे अंदाज सांगणारे भलेभले पाहणीवाले तोंडावर आपटले, तेव्हा घारपुऱ्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून बायकोला, म्हणजे सरलाताईंना, समजावलं की शिकलेली माणसं फोनवर जास्त बोलतात, न शिकलेली फोन ठेवून देतात, आणि या शहाण्यांनी वरच्या थरातलाच पेला उचलून अख्ख्या टाकीची चव सांगितली. सरलाताई तेव्हा शेंगदाणे सोलत होत्या. त्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्या मान डोलावतच आहेत, असं घारपुऱ्यांना वाटत होतं.

घरात ऐकणारी माणसं कमी पडली म्हणून हा नाद मराठी मंडळात गेला. ऱ्हाइन नदीच्या दोन्ही काठांवरचे आपले लोक, कुणी मोटारींच्या कारखान्यातले, कुणी सॉफ्टवेअरमधले, गणपतीला आणि दिवाळीला भाड्याच्या सभागृहात जमतात. तिथे आरती झाली की घारपुरे पडदा लावत. पुढे पाऊण तास विस्कॉन्सिन, मिशिगन आणि ईरी. निवडणूक नसलेल्या वर्षी मागच्या निवडणुकीचं पोस्टमॉर्टेम. तोवर मागे टेबलावर उकडीचे मोदक गार पडत, तूप थिजे, पोरं रडकुंडीला येत. पण वयाने मोठा माणूस, विमानतळावर उतरलेल्या निम्म्या लोकांना घर शोधून दिलेला माणूस, त्याला गप्प बसा कोण म्हणणार? लोक टाळ्या वाजवत. जोरात वाजवत, कारण टाळ्यांनंतर जेवण असे.

त्या भाषणातला सगळ्यांचा पाठ असलेला भाग विस्कॉन्सिनचा. एका उमेदवाराला ते राज्य इतकं आपल्या खिशातलं वाटलं की प्रचाराच्या अखेरच्या महिन्यांत तिथे एकदाही पाऊल टाकलं नाही, आणि नेमकं तेच राज्य हातचं गेलं. हे सांगताना घारपुरे खदखदून हसत. "अरे, एकदा जाऊन विचारायला काय झालं होतं?" असं दर वर्षी म्हणत.

तर झालं असं की या वसंतात मंडळाच्या अध्यक्षाची जागा रिकामी झाली. आणि घारपुऱ्यांना ती हवी होती. हवी म्हणजे मनापासून हवी होती. जुलैत ते निवृत्त होणार. कारखान्याच्या फाटकावरचा माणूस रोज सकाळी "मॉर्गन, हेर घारपुरे" असं सुप्रभात म्हणतो, तो जुलैनंतर कुणाला म्हणेल? फाटकाबाहेर राहिल्यावर आपण नेमके कोण, हा प्रश्न त्यांना आंघोळ करताना, बसची वाट बघताना, कुठेही गाठत होता. कुणाजवळ बोलले नाहीत. मंडळाचा अध्यक्ष, हे त्याला उत्तर झालं असतं. निदान कुणीतरी फोन करून विचारलं असतं की काका, हॉलची किल्ली कुणाकडे आहे.

मंडळात आजवर निवडणूक झालीच नव्हती. सगळं सर्वानुमते. चहाच्या वेळी कुणीतरी नाव सुचवायचं, बाकीच्यांनी "हो, हो" म्हणायचं, की झाला अध्यक्ष. या वेळी मात्र नदीपलीकडच्या मानहाइमच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली नीता उभी राहिली. पस्तिशीची, हसतमुख, आणि जाहीरनामा एका ओळीचा: आधी जेवण, मग भाषण.

घारपुरे मनातून खूश झाले. निवडणूक! तीही घरच्या अंगणात! मंडळाचा चिटणीस जयंत बिचारा म्हणाला, की इथल्या संस्थांचा नियम साधा आहे, हात वर करून मोजूया. घारपुऱ्यांनी त्याला असं काही झापलं की जयंतला आपण लोकशाहीचा खूनच करायला निघालो होतो असं वाटलं. मतदान गुप्त हवं. मतदार मोकळा हवा. चिठ्ठ्या, पेटी, पडदा, सगळं हवं. नीता लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच का म्हणाली, हा विचार या मोठ्या विश्लेषकाच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

मग घारपुऱ्यांनी पाहणी घेतली. नमुना काढायची गरजच नव्हती, टाकी एवढीशी. त्यांनी सगळ्यांनाच फोन केले, काहींच्या घरी जाऊन चहा घेतला. जो तो म्हणाला, "काका, तुम्हालाच." पण घारपुरे कच्चे नव्हते. माणूस स्वतःचं खरं सांगायला लाजतो, म्हणून पाहणीवाले हल्ली त्याला शेजाऱ्याचं विचारतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तोही प्रश्न टाकला, की बाकीचे कुणाला देतील? तेव्हा जो तो जरा घुटमळून म्हणाला, की बाकीच्यांचं काही सांगता येत नाही काका, नीताची हवा आहे.

घारपुऱ्यांनी याचा अर्थ असा लावला, की सगळेच्या सगळे आपल्या बाजूचे आहेत आणि सगळ्यांचा बाकीच्यांबद्दल गैरसमज झालाय. धन्य! हेच अनुमान ओहायोतल्या कुणी काढलं असतं, तर यांनी त्याला गणपतीत पडद्यावर लावून पाऊण तास सोलला असता. पण स्वतःच्या नावापुढे बरे आकडे आले की माणसाची अक्कल चहा प्यायला जाते. मुलगी अन्वी मराठी समजणारी पण उत्तर जर्मनमध्ये देणारी. तिने हे ऐकून दोनच शब्द टाकले, "ओ नाइन", म्हणजे अरे नाही, आणि हेडफोन लावला.

सभेच्या दिवशी घारपुऱ्यांनी कडक इस्त्रीचा कुर्ता घातला. सरलाताईंनी बटाटेवडे केले होते, तेही बरोबर घेतले. पडद्यामागे एकेक जण गेला, आणि येताना प्रत्येकाने घारपुऱ्यांकडे बघून मान हलवली. कुणी डोळा मिचकावला. सरलाताई आत गेल्या, जरा वेळ लावून बाहेर आल्या आणि थेट वड्यांकडे वळल्या. घारपुऱ्यांनी मनात आभाराचं भाषण जुळवलं. त्यात ईरीचा उल्लेख दोनदा होता.

जयंतने चिठ्ठ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग पाणी प्यायला. घारपुऱ्यांना चार मतं पडली होती, बाकी सगळी नीताला.

सभागृहात कुणी कुणाकडे बघेना. घारपुरे उठले, नीताचं अभिनंदन केलं, हसले, वडे वाढायला उभे राहिले. आवाज जरासुद्धा हलला नाही. चटणी मात्र ताटलीऐवजी टेबलावर वाढली. नीता हळूच येऊन पुसून गेली.

आणि मग सुरू झाली गंमत. पहिला वडा घ्यायला आलेला कानाशी लागून म्हणाला, काका, माझं मत तुम्हालाच होतं. दुसराही तेच म्हणाला. कोट चढवताना तिघे म्हणाले, पार्किंगमध्ये एक जोडपं हात हातात घेऊन म्हणालं. घरी पोहोचेपर्यंत चार मतांचे मालक कितीतरी झाले होते. अख्खी आरती म्हणता येईल इतके. सगळे प्रेमाने बोलत होते आणि सगळे खोटं बोलत होते. त्यांच्याच घरी चहा पिऊन आपण हे आकडे गोळा केले, हे गाडी लावताना घारपुऱ्यांच्या लक्षात आलं. लाज वाटली. वाईट त्याहून जास्त वाटलं.

स्वयंपाकघरात सरलाताईंनी चहा ठेवला. घारपुऱ्यांची सवय जात नाही, त्यांनी विश्लेषणाला सुरुवात केलीच. चारातलं एक माझं, एक तुझं, मग उरलेले दोन कोण असतील, असं ते रिकाम्या कपाकडे बघत म्हणाले.

"उरलेले तीन म्हणा," सरलाताई म्हणाल्या. "माझं नव्हतं त्यात."

चहा उतू गेला. सरलाताईंनी शांतपणे शेगडी बंद केली आणि ओटा पुसला.

घारपुऱ्यांना आधी वाटलं, ही चेष्टा करतेय. मग चेहरा बघून कळलं, की नाही. का, एवढंच त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना फोन केलेत. आखन गावाहून परवा आलेल्या त्या विद्यार्थ्यालासुद्धा केलात," सरलाताई म्हणाल्या. "मला विचारलंत?"

पडद्यावरचं विस्कॉन्सिन घारपुऱ्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं, निळ्या-तांबड्या रंगासकट. अरे, एकदा जाऊन विचारायला काय झालं होतं?

मग त्यांनी खुर्ची ओढली, ओट्याजवळ आणून बसले, आणि आयुष्यातला बहुधा पहिला नीट प्रश्न विचारला, की आता विचारतो, तुला काय हवंय?

सरलाताईंनी त्यासाठी विचार करायला वेळ घेतला नाही. आधी रविवार हवेत म्हणाल्या, सगळे. कारखान्याने सोडल्यावर तुम्हाला मंडळाने धरलं तर माझ्या वाट्याला कधी येणार, म्हणाल्या. आणि ती ईरी एकदा दाखवा. एवढी वर्षं ऐकतेय, तळं आहे म्हणता, मग काठावर बसायला बाकडं तरी असेल ना?

"तुला खरंच यायचंय," घारपुऱ्यांनी चाचरत विचारलं, "की मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

"बरं वाटावं म्हणून बोलणारी असते, तर मगाशी गप्प नसते का बसले?"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे जयंत होता, गहिवरून सांगत होता की काका, कुणाला म्हणू नका, पण त्या चारातलं एक माझं. घारपुऱ्यांनी त्याचे मनापासून आभार मानले, फोन ठेवला आणि उरलेला चहा दोन कपांत सारखा ओतला.