फडकं सोड, बघू दे

दुपारी रानात जेवायला बसलो की आक्का आधी स्वतःचा डबा उघडायची नाही. ती एकेकीपुढं उभी राहायची आणि म्हणायची, "फडकं सोड, बघू दे." भाकरी फडक्यात बांधून आणायचे दिवस गेले. आता सगळ्यांकडे स्टीलचे डबे आहेत, पण तिचं बोलणं तेच राहिलं. डब्यात एकच भाकरी दिसली की तिच्या भुवया चढायच्या.

"एका भाकरीवर पात निघती व्हय गं? का नवऱ्यानं मोजून दिली?"

मग स्वतःची अर्धी मोडून ती आमच्या डब्यात टाकायची. तिला नको म्हणायची सोय नव्हती.

मलकापूरच्या आसपास आम्ही बायका उसात भांगलायला जातो. आक्का आमची मुकादम. तण काढायला प्रत्येकीला एक पट्टा वाटून दिलेला असतो, त्याला पात म्हणतात. बांधाकडच्या पातीत तण जास्त असतं, म्हणून ती कुणाला नको असते. आक्का कायम तीच धरायची. तुमच्याकडेही अशी एखादी बाई असेल. तिच्या तोंडाला कुणी लागत नाही, पण ती नसली की रान मोठं वाटतं.

तिची एक गोष्ट ठरलेली होती. उसात टारफुला दिसला की ती सुरू व्हायची. टारफुला म्हणजे वीतभर उंचीचं तण, त्याला बारीक पांढरी फुलं येतात. ते उसाच्या मुळाला चिकटतं आणि उसानं घेतलेलं अन्नपाणी मातीखालीच ओढून घेतं. आक्काच्या दिराच्या उसात तो माजला होता. दिरानं डोकं चालवलं आणि त्या तुकड्याचं खत बंद केलं. खतच नाही मिळालं तर टारफुला काय खाईल?

"माझा दीर लय शाना!" आक्का हातवारे करत सांगायची. "उपाशी ठेवला टारफुला, आन् पिवळा पडला ऊस! टारफुला आपला फुलं घेऊन हुभा!"

आम्ही दर वेळी हसायचो. ती तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. तपासणीत कॅन्सर आला. कराडच्या दवाखान्यात केमोची सलाइनं सुरू झाली. मधल्या दिवसांत तिला घरी करमायचं नाही. मग ती रानात येऊन बांधावर बसायची आणि तिथूनच आमच्या चुका काढायची. तिची पात आम्ही शेवटी सगळ्या मिळून काढायचो.

त्याच वेळी तिला मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ दिसला. कॅन्सर साखरेवर वाढतो, असं त्यात सांगितलं होतं. आक्कानं चहा कोरा केला. गूळ सोडला, केळी सोडली. मग कुणीतरी म्हणालं, भाकरीचीही पोटात साखरच होते. तिनं भाकरी सोडली. डब्यात काकडी नाहीतर मेथीची चार पानं असायची.

"उपाशी मारती बघ तिला," गाठीवर हात ठेवून ती म्हणायची. "माझ्या घरात राहून मलाच खाती व्हय!"

तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पुढच्या सलाइनच्या दिवशी सोबत मी गेले होते. वजन फार उतरलं म्हणून डॉक्टरांनी सलाइन पुढं ढकललं आणि आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. मी चौथी शिकलेली, मला जसं कळलं तसं लिहिते. बाई म्हणाल्या, "आजी, कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, हे खरं आहे. पण त्यांना एवढंच चालतं असं नाही. तुम्ही जेवला नाहीत तर शरीर स्वतःचं मांस मोडून साखर तयार करतं. गाठ त्यातलंही घेते. तिला उपाशी ठेवता येत नाही, तुम्हीच झिजता. तिचं खाणं तोडायची औषधं शोधताहेत, पण ते काम औषधाचं. ताटाचं नाही. तुम्ही भाकरी, डाळ, अंडं खा. सलाइन सोसायला अंगात बळ पाहिजे."

आक्का मान हलवत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "पोरगी ग्वाड बोलती." आणि एसटीत बसल्यावर काकडी काढली.

आणखी वजन उतरलं तर उपचारच थांबवावे लागतील, असं डॉक्टर बोलले होते. ते तिनं घरी सांगितलं नव्हतं. मला सारखं ते आठवायचं. पण आक्कापुढं बोलणार कोण? मी तर चौघींत तोंड उघडत नाही.

एका दुपारी सगळ्या जेवायला बसलो. ती बांधावर काकडी चावत होती. मी उठले आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"आक्का, फडकं सोडा, बघू दे."

आक्कानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बघा गं, मुकीला वाचा फुटली!"

मी म्हणाले, "आवं आक्का, तुमच्या दिराचं सांगा की."

"आत्ता? मधीच?"

"सांगा की. लय दिवस झालं."

तिला ती गोष्ट सांगायला कधी आग्रह लागायचा नाही. तिनं काकडी खाली ठेवली, हातवारे सुरू केले. दीर आला, त्याचं डोकं आलं, खत बंद झालं. "उपाशी ठेवला टारफुला," ती म्हणाली, "आन् पिवळा पडला..."

ती थांबली. हात तसाच वर राहिला आणि बांगड्या कोपराकडं घसरल्या. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही.

हात खाली घेऊन ती म्हणाली, "आण इकडं तुझा डबा."

तिनं माझी भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि हळूहळू चावली. "लय जाड थापतीस गं," ती म्हणाली. "सासू कशी नांदवती तुला?" पण तिनं ती सगळी खाल्ली.

त्यानंतर तिच्यासाठी रोज कुणीतरी उकडलेलं अंडं आणायचं. वजन सावरलं. सलाइनं पुरी झाली. शेवटच्या दिवशी मी सोबत होते. हाताला नळी लावलेली, डोक्याला रुमाल, आणि आक्का शेजारच्या खाटेवरच्या बाईकडं वाकून म्हणत होती, "फडकं सोड, बघू दे. काय आणलंयास?"

ती पुढच्या वर्षीचा ऊस मोठा होईपर्यंत आमच्यात होती. काही दिवस तर बांधाकडची पातही तिनं धरली. मग कॅन्सर हाडांत निघाला. जेवण म्हणजे काही औषध नव्हे, हे त्या बाईंनीही सांगितलं होतं. पण मधलं ते वर्ष आक्कानं जेवून काढलं.

आता दुपारी कुणी विचारत नाही. तरी आम्ही झाकणं काढतो, डबे पुढं सरकवतो, आणि पहिला घास घ्यायच्या आधी जरा वेळ तसेच उघडे ठेवतो.