घटस्थापनेला पाठवलेला अर्ज

माझी पुतणी संस्कृती डॉक्टर आहे आणि तिचं डोकं ठिकाणावर आहे. हे आधीच सांगतो, कारण जे झालं त्याचं खापर तिच्या माथी फोडणारे आमच्या धायरीत पुष्कळ भेटतील.

माझा धाकटा भाऊ सूरज गेला तेव्हा ती आठवीत होती. तेव्हापासून ती माझ्या घरात वाढली. मी शाळामास्तर, जरा तापट. तिनं माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही आणि मला त्याचा फार अभिमान होता. इथे एमडीला मिळालेली जागा सोडून तिनं अमेरिकेच्या परीक्षा दिल्या. आता तिकडच्या हॉस्पिटलांना रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिकडच्या एमडीसाठी, अर्ज पाठवायचे आणि मुलाखतीच्या बोलावण्याची वाट बघायची. बोलावणंच आलं नाही, तर सगळं वर्ष पाण्यात.

अर्ज सप्टेंबरच्या शेवटी जातात. त्या वर्षी तेव्हा नेमका पितृपंधरवडा होता, आणि तिकडची हॉस्पिटलं अर्ज उघडणार त्याच दिवशी सूरजचं श्राद्ध. मी बजावलं, "बापाच्या पंधरवड्यात नवं काम काढायचं न्हाय. घटस्थापनेला पाठव. आठ दिसांत अमेरिका काय पळून जाती व्हय?"

"काका, पण तिकडे..." एवढंच ती म्हणाली. मी हात वर करून तिला थांबवलं.

श्राद्धाच्या दुपारी गच्चीवर पान ठेवलं, तर कावळा शिवेना. चार कावळे पाण्याच्या टाकीवर बसून नुसते बघत होते. मी हात जोडून म्हणालो, सूरज, पोरीला अंतर देणार नाही. ढिम्म. तास झाला, भात वाळत चालला, बायकांचे चेहरे उतरले. मग संस्कृती पुढे झाली, पानाजवळ वाकून काहीतरी पुटपुटली. ती मागे सरते न सरते तोच कावळ्यानं घास उचलला. आम्ही सुटलो म्हणत जेवायला बसलो.

अर्ज घटस्थापनेला गेला. मीच त्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं.

ऑक्टोबर सरला. आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ होते, तेव्हापासून ती फोन पुढ्यात घेऊन बसायची. बोलावणं आलं की लगेच उत्तर द्यावं लागतं, नाहीतर तारखा संपतात. म्हणून ती अंघोळीलाही फोन न्यायची. वारज्याची नम्रता तिच्याच वर्गातली, मार्क हिच्यापेक्षा कमी. तिला सात बोलावणी आली. हिला एकही नाही.

नोव्हेंबरात ती एकेका हॉस्पिटलला मेल लिहू लागली: मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय, माझा अर्ज कृपया बघावा. नव्वद हॉस्पिटलं. उत्तरं आली ती सगळी एकाच साच्यातली, आपोआप सुटलेली. ती जेवेनाशी झाली. मला भीती वाटू लागली, आणि कशाची ते नीट सांगता येईना. गच्चीवर गेलो की टाकीकडे बघायचं मी टाळत होतो.

डिसेंबरात एका हॉस्पिटलच्या कचेरीतल्या बाईंनी स्वतः उत्तर लिहिलं. संस्कृतीनं ते मला मराठीत सांगितलं. अर्ज चांगला आहे, पण पहिल्याच दिवशी इतके अर्ज आले, की मुलाखतीच्या सगळ्या जागा त्यांतूनच भरल्या. पुढच्या वर्षी वेळेवर पाठवा.

"तुला हे ठावं हुतं?" मी विचारलं.

"हो."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलत होते, काका. तुम्ही हात वर केलात."

मला तिच्याकडे बघवेना. तिथेच गप्प बसायला हवं होतं, पण मी विचारलं, "त्या दिवशी पानापाशी काय म्हणालीस गं?"

तिनं फोन पालथा ठेवला.

"'बाबा, अर्ज आजच पाठवते,' असं मी म्हणाले होते."

बापाला दिलेला शब्द तिनं माझ्यासाठी मोडला होता.