तिले सांगा

धुळ्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माय माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तरीही ती नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे बघून म्हणाली, “तिले सांगा, पोचनी का फोन करजो.” नानांनी मान वळवून मला तेच सांगितलं. मी नानांना म्हटलं, “हा म्हना.” कंडक्टर हसला. मलाही हसू आलं आणि ते मालेगावपर्यंत टिकलं. पुढे मात्र रडतच गेले.

माय पाचोऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या ओसरीवर सासरे, चुलतसासरे, येणारे-जाणारे असा पुरुषांचा बाजार भरलेला असायचा. सुनेने बोलायचं ते स्वयंपाकघराच्या दाराआडून, आणि तेही कुणाला तरी मध्ये घालून. ती माणसं एकेक करून गेली, ओसरी मोकळी झाली, पण मायचा आवाज काही दाराबाहेर आला नाही. फोन तर तिने कधी हातात धरलाच नाही. नाना बोलत असायचे, ती मागून विचारायची, “ती जेवनी का? तिले इचारा, तठे थंडी शे का?” नानांनी विचारायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी व्हायचे. आम्हा मायलेकींचं बोलणं हे एवढंच, पण ते रोजचं होतं.

पुण्यात शिकून मी बंगळूरला ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागले. आमचा लुडो चार गावचे चार लोक एकदम खेळायचे, पण खेळताना एकमेकांशी बोलायला वेगळा फोन लावावा लागे. खेळातच बोलायची सोय करणं हे आमच्या टीमचं काम. ती झाली तेव्हा मी पहिल्यांदा नानांच्या फोनवर चालू करून दिली. मग काय, दर रविवारी दुपारी नाना माझ्या सोंगट्या मारायचे आणि का मारता म्हणून मागून माय ओरडायची, “पोरले काब्रं मारतंस?”

तुमच्यापैकी जे असे लांब राहतात त्यांना सांगायला नको, त्या तासाभरासाठी मी आठवडा काढायचे.

मग तक्रारी येऊ लागल्या. कुणाचा कुकर, कुणाची टीव्हीवरची मालिका, कुणाच्या घरातलं भांडण. आम्ही मशीनला शिकवलं, की फोनजवळचा आवाज तेवढा माणसाचा, लांबून येतो तो गोंगाट, तो काढून टाक. तपासणीच्या दिवशी मीच फोनपासून लांब, ऑफिसच्या पँट्रीच्या दारात उभी राहून बोलत होते. माझा एक शब्द पलीकडे गेला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला. मीही खाल्ला.

त्यानंतरच्या रविवारपासून नानांचा आवाज कसा लख्ख येऊ लागला! मागे मात्र कुणीच नाही. मला वाटलं, माय शेजारी गेली असेल. नंतर वाटलं, माझ्या लग्नाच्या विषयावरून रुसली असेल, बसू दे रुसून. नानांना वाटत होतं, मायचं मला ऐकू जातंय, पण पोरीचं लक्ष खेळात आहे. मायला काय वाटत होतं, ते कुणी विचारलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. मी बिनलग्नाची, तरी गेले. जेवायला बसलो तर माय मुकाट्याने वाढत होती. नानांमार्फतही काही विचारेना. शेवटी मीच म्हटलं, “माय, बोल ना काहीतरी.”

“तुले इतलं इचारं,” ती भांड्यात बघत म्हणाली, “तू कोठे बोलस? पोर मोठी व्हई गयी. आम्हीन बी समजी लिधं.”

मी तिला सगळं समजावलं, की ते मशीन आहे, लांबचा आवाज कापतं, ते मीच बनवलंय. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या मशीनले कसं समजनं, घरनं कोन नि बाहेरनं कोन?”

 

जाताना नानांच्या फोनवरची लांबचा आवाज कापायची सोय मी बंद करून आले. आता रविवारी पंखा ऐकू येतो, कावळे ऐकू येतात, भांडं पडलं तर तेही. माय दारात आहे हे बांगड्यांवरून कळतं. बोलत मात्र नाही. बोललेलं वाया जातं ही गोष्ट एकदा अंगात मुरली, की बटण बंद करून निघत नाही.

म्हणून आता खेळ सुरू झाला की मी म्हणते, “नाना, मायले इचारा, जेवनी का?”

नाना मान वळवून विचारतात. बांगड्या वाजतात. मग लांबून, हळू, “जेवनू म्हना.”

घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच. पूर्वी याच्या पाठोपाठ तिचे दहा प्रश्न यायचे. मी फोन कानाशी दाबून त्यातल्या एकाची वाट बघते. नाना म्हणतात, “टाक वं, तुनी पाळी शे.”