शिलाई मशीनवाला सिनेमा पहिला

माझ्या सासूबाईंना सिनेमांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. त्या सिनेमात जे दिसलं, तेच त्याचं नाव. घोड्यावाला, आगगाडीवाला, जुळ्या बहिणींवाला, राजवाड्यावाला. आणि हे सगळे सिनेमे एकाच नटीचे. ती स्वतःच्या आवाजात गाणारी होती आणि तिने एकूण एकवीस सिनेमे केले. सासूबाईंनी ते एकवीसही पाहिले होते. काही नरखेडकडच्या आपल्या गावात, पडदा बांधून दाखवलेले, तर काही लग्नानंतर नागपुरात. मी नाशिकहून सून म्हणून आले, तेव्हा मला त्या नटीची दोन गाणी जेमतेम माहीत होती. हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मला स्वयंपाक येत नाही असं कळतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मेथी निवडता निवडता त्यांच्या तोंडातला शब्द अडकला. त्या काहीतरी मागत होत्या आणि जे बाहेर येत होतं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. धंतोलीतल्या दवाखान्यात अकरा दिवस काढून आम्ही त्यांना घरी आणलं. उजवा हात महिन्याभरात बऱ्यापैकी चालू लागला. बोलणं मात्र आलं नाही. समजत सगळं होतं. वर्तमानपत्रही त्या वाचायच्या, पानं उलटताना भुवया वरखाली व्हायच्या. पण बोलायला गेल्या की तीनच शब्द निघत. 'हो', 'नाही' आणि 'काहून', म्हणजे 'का'. त्यातले पहिले दोन एकमेकांच्या जागी पडायचे. चहा हवा का विचारलं की म्हणायच्या, "काहून." आणि मग स्वतःवरच चिडून भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

वाचा सुधारण्यासाठी आठवड्यातून दोनदा एक तरुण बाई घरी यायच्या. त्यांनी चित्रं आणली होती. कप, कंगवा, छत्री, मांजर. पस्तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना हीच चित्रं दाखवलेल्या माझ्या सासूबाई ती पाहून डोळे मिटून घ्यायच्या. तिसऱ्या खेपेला त्या बाईंनी चित्रं पिशवीत टाकली आणि मला विचारलं, "यांना तुमच्यापेक्षा जास्त कशातलं कळतं?"

मी म्हटलं, "स्वयंपाकातलं. माणसांतलं."

माझे पती बुटीबोरीला कारखान्यात निघायच्या तयारीत होते. बूट घालता घालता ते म्हणाले, "सिनेमातलं. त्या नटीचं."

"मग तेच करू," बाई म्हणाल्या. "सगळ्या सिनेमांच्या चिठ्ठ्या करा आणि यांना लावू द्या. पहिल्या नंबराचा कुठला, शेवटच्या नंबराचा कुठला. चिठ्ठी हलली की काहून ते विचारायचं. एक शब्द आला तरी चालेल. आणि त्यांचा शब्द तुम्ही पुरा करायचा नाही. मनात दहा अंक मोजायचे."

मी जुन्या लग्नपत्रिका कापून एकवीस तुकडे केले आणि त्यांच्या कोऱ्या बाजूला सासूबाईंच्याच भाषेत नावं लिहिली. दिवाणावर माझ्या समजुतीप्रमाणे ओळ लावली. पहिला अर्थातच राजवाड्यावाला. रंगीत, मोठमोठे महाल, शंभर नर्तकी, सगळी बक्षिसं मिळालेला. ज्यांना त्या नटीचं काहीच माहीत नाही, त्यांनाही तो माहीत असतो.

सासूबाई ओळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी राजवाडा उचलला आणि सहावा ठेवला. घोड्यावाला उचलून सगळ्यात शेवटी टाकला. आणि विसाव्या जागेवरून शिलाई मशीनवाला काढून थेट वर नेला.

मी तो सिनेमा पाहिला नव्हता. मी विचारलं, "काहून?"

दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा त्या हसल्या. माझ्या तोंडी त्यांचा शब्द त्यांना गमतीचा वाटला असावा. उत्तर मात्र आलं नाही. मी दहा मोजले, वीस मोजले. त्यांचे ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ती चिठ्ठी सोडून घोड्यावाल्यावर बोट ठेवलं. "हा शेवटी का?"

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "खोटं." आणखी थोड्या वेळाने, "खोटं रडते."

दोन शब्द, जोडलेले, बरोबर. मी स्वयंपाकघरात जाऊन पतींना फोन केला आणि ते दोन शब्द त्यांना सांगितले. पलीकडे यंत्रांचा आवाज होता. त्यांना ते तीनदा सांगावं लागलं.

मग रोज दुपारी चिठ्ठ्या निघू लागल्या. आगगाडीवाला चौथा, कारण "आवाज". विहिरीवाला अकरावा, कारण "नवरा वाईट", म्हणजे त्यातला नट वाईट. पण शिलाई मशीनच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं की काहीच यायचं नाही. सांगायचं खूप होतं आणि दार लहान होतं, तसं काहीतरी व्हायचं.

शनिवारी मावशी आल्या. या सासूबाईंच्या धाकट्या बहीण, कामठीला राहतात, शेअर ऑटोने येतात. आल्या आल्या त्यांनी दिवाणावरची ओळ पाहिली.

"हे काय करून राहिली वं बाई तू?" मोठ्या बहिणीला त्या बाई म्हणतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. "जुळ्या बहिणींवाला पंधरावा? काहून?"

त्यांनी ती चिठ्ठी उचलून पहिली ठेवली. सासूबाईंनी ती परत पंधरावी केली. मावशींनी परत उचलली. असं चार वेळा झालं. सत्तरी गाठलेल्या दोन बायका एका कागदाच्या तुकड्यासाठी एकमेकींचे हात ढकलत होत्या.

"अवं, त्याच्यातलं गानं तरी आठव," मावशी म्हणाल्या आणि पदर खोचून त्यांनी गायलाच सुरुवात केली. मावशींचा आवाज जाडाभरडा. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला आणखी एक आवाज त्यात मिसळला. बारीक, थरथरता, पण सुरात. सासूबाई गात होत्या. नुसती गुणगुण नाही, शब्दांसकट. मावशी घाबरून थांबल्या. सासूबाई थांबल्या नाहीत. पूर्ण कडवं त्यांनी म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि शेवटी ती चिठ्ठी उचलून पुन्हा पंधराव्या जागेवर ठेवली.

मी वाचा सुधारणाऱ्या बाईंना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, "असं होतं कधी कधी. बोलणं अडतं पण गाणं येतं. आता आपल्याला गाण्यातून बोलण्याकडे जायचंय."

पुढचे दोन-अडीच महिने आमच्या घरात सगळं चालीवर चाललं. आधी गाणं म्हणायचं, मग त्याच ठेक्यात रोजची वाक्यं. "मले चहा पाह्यजे" हे आगगाडीच्या गाण्यावर बसलं. सकाळी पतींनी विचारावं, "आई, माझा डबा कुठं आहे?" आणि आतून सुरात उत्तर यावं, "फ्रीजवर आहे रे, फ्रीजवर आहे." आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. हळूहळू चाल पुसट होत गेली आणि वाक्यं उरली. छोटी, तुटक, पण त्यांची.

या काळात मी मावशींना एकदा विचारलं, की शिलाई मशीनवाला पहिला का असेल. मावशी म्हणाल्या, "भाऊजींसंग पाह्यला ना तिनं थो. लग्नानंतरचा पयला सिनेमा. म्हणून तिच्या जिवाचा आहे."

माझे सासरे जाऊन नऊ वर्षं झालीत. मला ते ऐकून भरून आलं. मी ही गोष्ट पतींना सांगितली, बाईंना सांगितली, शेजारीही सांगितली. सासूबाईंसमोर कोणी हे बोललं की त्या जोरजोरात मान हलवायच्या. आम्हाला वाटायचं, लाजतात.

मार्चमध्ये एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्र माझ्यासमोर ठेवलं आणि एका छोट्या बातमीवर बोट ठेवलं. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने त्या नटीवर कार्यक्रम ठेवला होता. रविवारी पाच वाजता. एक निवृत्त मुख्याध्यापक तिचे एकवीस सिनेमे गुणानुक्रमे लावून सांगणार होते, शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत, पडद्यावर गाण्यांसह.

"जायचं," त्या म्हणाल्या.

मावशींना बोलावून आम्ही तिघी गेलो. सासूबाई काठी घेऊन, इस्त्रीची साडी नेसून, दवाखान्यानंतर पहिल्यांदाच चारचौघांत. सभागृह भरलेलं होतं. मुख्याध्यापक अभ्यासू होते, बोलायचेही छान. घोड्यावाला त्यांनी शेवटचा ठेवला तेव्हा सासूबाईंनी समाधानाने मान डोलावली. पण एकोणिसावा म्हणून त्यांनी शिलाई मशीनवाल्याचं नाव घेतलं आणि दोन वाक्यांत संपवलं. "सुरुवातीच्या काळातली धडपड. साधा सिनेमा, साधी गाणी." त्याचं गाणंही दाखवलं नाही.

त्यानंतर सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसल्या. ओठ हलत होते. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. मी विचारलं, "घरी जायचं का?" त्यांनी हाताने मला गप्प केलं.

शेवटी राजवाडा पहिला आला. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी हसत विचारलं, "कोणाला काही म्हणायचं आहे का?"

सासूबाई उभ्या राहिल्या. मी कोपर धरायला गेले, त्यांनी माझा हात बाजूला केला.

"चुकलं," त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापक म्हणाले, "काय चुकलं ताई?"

काही आलं नाही. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. शेजारी मावशींनी तोंड उघडलं, मी त्यांचं मनगट दाबून धरलं. सात, आठ. मागे कोणीतरी खोकलं. दहा झाले. मी परत एकपासून सुरू केलं.

"शिलाई मशीनवाला," सासूबाई म्हणाल्या, "पयला."

मुख्याध्यापक हसले नाहीत. ते इथलेच. म्हणाले, "काहून म्हणता तसं?"

आणि मग ते आलं. हळू, मध्ये मध्ये थांबत, किंचित चालीवर, पण एकही शब्द इकडचा तिकडे न होता. "बाकी सिनेमात थे गान्यासाठी थांबते. हातातलं काम सोडते, मंग गाते. याच्यात नाही थांबत. पाय मशीनवर चालूच रायते. धागा तुटते. थे गाता गाताच ववते. धागा तोंडात धरते ना, तवा अर्धा शब्द गिळते. कामाच्या बाईचं गानं आहे थे. खरं आहे."

एवढं बोलून त्या उभ्याच राहिल्या. मला माझ्या सासूबाईंचा आवाज ऐकून जवळपास पाच महिने झाले होते. म्हणजे हा आवाज, ज्यात त्या माझ्या भाजीत काय कमी आहे ते सांगायच्या.

मुख्याध्यापकांनी प्रोजेक्टर चालवणाऱ्या गृहस्थांना ते गाणं लावायला सांगितलं. पडद्यावर ती नटी आली. अगदी तरुण, साधं लुगडं, समोर मशीन. पाय चालत होते, गाणं चाललं होतं. दुसऱ्या कडव्यात धागा तुटला. तिने टोक तोंडात धरून ओलं केलं, सुईत ओवलं आणि तेवढ्यात गाण्यातला अर्धा शब्द खरंच गायब झाला. मुख्याध्यापक म्हणाले, "परत लावा." परत लावलं. परत तो अर्धा शब्द नव्हता.

"तबकडीवर हा शब्द पूर्ण आहे," ते सावकाश म्हणाले. "मी हे गाणं तबकडीवरच ऐकत आलो. सिनेमा तरुणपणी एकदा पाहिला असेल. ताई, मी नीट पाहिलंच नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं, हातातल्या कागदावर काट मारली आणि लोकांना विचारलं, की पहिल्या जागेसाठी शिलाई मशीन कोणाकोणाला मान्य आहे. हात वर होत गेले. पुढच्या रांगा, मागच्या रांगा, दाराशी उभे असलेले. मी दोन्ही हात वर केले. संपूर्ण सभागृहात एकच हात खाली होता, आमच्या मावशींचा. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "माह्या जुळ्या बहिणी." टाळ्या बराच वेळ चालल्या. सासूबाई खाली बसल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "पानी दे."

ऑटोत मी त्यांना विचारलं, "आई, म्हणजे बाबांसोबत पाहिला होता म्हणून तो पहिला नाही?"

त्यांनी मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थे झोपले होते," त्या म्हणाल्या. "मध्यांतरापासून. घोरून रायले होते."

मावशी रस्ताभर बाहेर बघत बसल्या. मला हसूही येत होतं आणि थोडी लाजही वाटत होती. इतके महिने त्या बाईला सिनेमातलं कळतं, हे आम्हीच सगळ्यांना सांगत होतो आणि तरी तिच्या पहिल्या नंबराला आम्ही नवऱ्याची आठवण म्हणून मोकळे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. आतून फोनवर बोलण्याचा आवाज आला. फोनवर बोलणं सगळ्यात अवघड, समोर चेहरा नसतो, असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून आम्ही त्यांना फोन देतच नव्हतो. मी दाराशी येऊन उभी राहिले. सासूबाईंनी कार्यक्रमाच्या पत्रिकेवरून नंबर घेऊन स्वतःच फोन लावला होता.

"मुख्याध्यापक काय?" त्या विचारत होत्या. "मी काल उभी झाली होती, थे. हो. बरी आहे." मग त्या थांबल्या. मी मोजलं नाही. "आयका. तुमचा चौथा बी चुकला आहे."