बोटीचा नांगर

शेततळ्यात मासे सोडले आणि मला बोटीचं खूळ लागलं. तळं एवढंसं, की काठावरून गळ फेकला तर पलीकडच्या काठाला लागतो. तरी मी मोबाइलवर रोज बोटी पाहत बसलो आणि शेवटी एक फायबरची, दोघांना पुरेल अशी मागवली. दुसरं कोणी तीत बसायला तयार झालं नाही, हा भाग वेगळा.

मग सजावट सुरू झाली. अनसिंग गावच्या वेल्डरकडून तीत खुर्ची बसवून घेतली, छत्रीसाठी पाइप लावून घेतला. "मासे किती मोठे हायेत तुमचे?" त्याने विचारलं. ते बोटभर होते, म्हणून मी विषय बदलला.

पाण्यात गेल्यावर मात्र वाऱ्याने बोट भिरभिर फिरायची आणि मी खुर्चीत बसून उगाच चारी दिशा पाहायचो. एका व्हिडिओत सांगितलं, बोटीला नांगर हवाच. शेतकऱ्याच्या घरी नांगराची काय कमी? वावरात तास पाडणाऱ्या, गोठ्यातल्या जुन्या नांगराचा लोखंडी फाळ दोरीला बांधून पाण्यात सोडला. बोट वाऱ्याने थोडी सरकायची, पण फिरायची थांबली. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

पुढे पाणी रोज उतरू लागलं. मी उन्हाला शिव्या दिल्या. पाणी घोट्यावर आलं तेव्हा तळाला अंथरलेलं प्लास्टिक दिसलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघांत फाटलं होतं.

बायकोने काठावर येऊन पाहिलं.

"वावरात तं तुमाले असे सरळ तास कधीच काढता आले नाही," ती म्हणाली.