आबांची परात आणि भाऊचं लाल तेल

भाऊ गेल्याचं वहिनीनंच फोनवर सांगितलं. "अक्का, तुमना भाऊ गयात. दुपारले जेवण करीसन झोक्यावर बठेल व्हतात, तठेच. या सावकाश, घाई करू नका." आवाज इतका सपाट, की बाजारातून काय आणायचं ते सांगतेय असं वाटावं. मी धुळ्याच्या घरात फोन हातात धरून उभी होते. सख्खा थोरला भाऊ गेला होता, आणि पहिला विचार काय आला? आता ती गाडी कोण उघडणार... वाईट वाटलं? वाटलं की. एका आईच्या पोटची आम्ही. पण वाईट वाटलं म्हणून खोटं लिहायचं, हे मला जमणार नाही.

पेपरच्या पुरवणीवाल्यांनी म्हटलं, बहीण म्हणून चार शब्द लिहा. मला वाटतं त्यांना शोकसभेतल्यासारखे शब्द हवे असतील. ती शोकसभा जळगावात त्याच्या पंपसेटच्या दुकानासमोर मांडव घालून झाली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तिथे तर दुधाचा टँकरच आला होता. एक जण म्हणाला, भाऊसाहेब शिकले असते तर मोठे इंजिनियर झाले असते. दुसरा म्हणाला, अख्ख्या खानदेशात जी गाडी कुणाला कळत नव्हती, ती ते स्वतःच्या हातानं दुरुस्त करायचे. तिसऱ्यानं तर कमाल केली. म्हणाला, पत्नीला माहेरी नेताना एस्टीचा धक्का लागू दिला नाही त्यांनी. मी शेजारी बसलेल्या वहिनीकडे पाहिलं. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती.

तर ही गाडी. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. कुणी आखाती देशातून परत आलेला माणूस मुंबईत विकत होता, ती भाऊनं घेतली. लांबलचक, पांढरी, क्लच नसलेली. पाय ठेवायला दोनच दांडे, आणि गियर आपोआप पडायचे. गल्लीतले लोक 'बिनगियरची गाडी' म्हणायचे, आणि प्रत्येकाला थांबवून भाऊ सांगायचा, "बिनगियरची नाही रे बाबा, गियर आहेत, पण ती स्वतः टाकते. तिला अक्कल आहे." मी एकदा म्हटलं, "मग चालवणाऱ्याला नसली तरी चालतं." तो आठवडाभर बोलला नाही माझ्याशी. भाऊचं हेच होतं. स्वतः जगाला नावं ठेवील, पण त्याला कुणी टोचलं की फुगून बसायचा.

त्या गाडीच्या गियरपेटीत एक लाल तेल असतं. ते कधीमधी बदलावं लागतं. जळगावात तेव्हा मिस्त्री काही कमी नव्हते, पण भाऊच्या मते सगळे गाढव. "या लोकांना ट्रॅक्टर कळतो. हिला हात लावायची लायकी नाही यांची." म्हणून ते काम हा घरी करायचा, अंगणात. दोन जॅक, खाली विटा, बनियन आणि लुंगी. उंटावरचा शहाणा जमिनीवर उताणा झोपायचा आणि तिथून हुकूम सोडायचा. पाना आण. फडकं आण. चहा आण. माणूस गाडीखाली आणि जीभ मात्र सगळ्या घरभर.

आता हे काम म्हणजे साधं इंजिनचं तेल काढण्यासारखं नसतं. इंजिनला खाली एक बूच असतं, ते काढलं की धार लागते. या गियरपेटीला बूच नव्हतं. खालचं अख्खं पत्र्याचं ताट बोल्ट सोडवून उतरवायचं, आणि ते सैल झालं की चारी बाजूंनी तेल गळतं. पहिल्या वर्षी भाऊनं घमेलं ठेवलं. अर्धं तेल फरशीवर, पाव त्याच्या तोंडावर. दुसऱ्या वर्षी त्यानं स्वैपाकघरात जाऊन वहिनीची परात उचलली.

ही परात कुठली, ते सांगायला हवं. वहिनीचं माहेर साक्रीच्या पुढे, डोंगराकडे. कोरडवाहू शेती. लग्नात द्यायला आबांजवळ, म्हणजे वहिनीच्या वडिलांजवळ, फार काही नव्हतं. त्यांनी एकच वस्तू मनापासून घेतली, मोठी पितळी परात. मांड्यांचं पीठ एका वेळी मळता येईल एवढी. काठावर नाव कोरून घेतलं होतं, 'चि. सुमनला आबांकडून'. तिच्यात भाऊनं ते जुनं, पानाच्या पिचकारीसारखं तेल धरलं. वहिनी दारात आली, पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, "मनी परात कसाले लिधी?"

"घासली की होते स्वच्छ," गाडीखालून उत्तर आलं. "आणि नाही झाली तर नवी आणून देतो. परातीचं काय घेऊन बसलीस?"

आणून दिली हो, दिली! स्टीलची. काठावर नाव कोरून. कुणाचं? स्वतःचं! दुकानाच्या नावासकट. मला अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. जुनी परात तेलाची झाली ती झालीच. अंगणात भिंतीला टेकून उभी असायची, वर धूळ आणि खाली तेलाचं वर्तुळ.

पण परात ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी, की हे तेल बदलायचा मुहूर्त भाऊला दरवर्षी आखाजीच्या तोंडावरच सापडायचा. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासुरवाशीण त्या दिवशी माहेरी, झोक्यावर. वर्षभर राबलेली बाई त्या दोन दिवसांवर पुढचं वर्ष काढते. आणि भाऊचा नियम होता, घरी गाडी असताना माझी बायको एस्टीनं जाणार नाही. लोक काय म्हणतील! मग आखाजी आली की गाडी विटांवर, आणि वहिनी स्वैपाकघरात. "आता ही चालू झाली की निघूच," असं तो म्हणायचा. गाडी चालू व्हायची, तोवर सण उलटून गेलेला असायचा. मला आधी वाटायचं हा निव्वळ वेंधळेपणा. नंतर कळलं, की सासऱ्याच्या मातीच्या घरात जाऊन बसायची त्याला लाज वाटायची. तेवढं तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून गियरपेटी पुढे करायचा. भित्रा माणूस!

ज्या वर्षाचं मी सांगतेय, त्या वर्षी आबांनी निरोप पाठवला. ते अंथरुणाला खिळले होते. साक्रीच्या बाजाराहून आलेल्या एका ओळखीच्या माणसानं दारात उभं राहून सांगितला, "आबा म्हनतस, सुमनले म्हना या आखाजीले ये. पुढली आखाजी मी दखाव नही." वहिनी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली. भाऊनं मात्र छातीवर हात ठेवून सांगितलं, "नेतो. मी स्वतः नेतो." आणि निघायच्या आदल्या दिवशी, मी सुटीला जळगावात होते तेव्हा, पाहते तर काय... गाडी विटांवर!

"लांबचा प्रवास आहे, तेल ताजं हवं," हा म्हणतो.

इतकी वर्षं अंदाजानं ओतायचा, त्या वर्षी पहिल्यांदाच परातीतलं तेल मापून पाहिलं, आणि याचा चेहरा पडला. गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात आकडा होता, आठ लिटर. परातीत निघालं चार. भाऊ गाडीखालून बाहेर आला आणि माझ्याकडे बोट केलं, "तुमच्या धुळ्यात चोरलं! मागच्या महिन्यात लग्नाला आलो, गाडी बाहेर उभी होती, तेव्हाच काढलं कुणीतरी." मी म्हटलं, "भाऊ, धुळ्यातला चोर विटा आणि परात घेऊन आला होता का?" मी इंग्रजी शिकवते, म्हटलं पुस्तक दे इकडे, मी वाचते. "तुला गाडीतलं काय कळतं?" पुस्तक काखेत मारून हा पुन्हा गाडीखाली. आणि चोरांनी नेलेलं भरून काढायला हवं म्हणून चारच्या जागी धुळ्याहून आणलेले लिटर-लिटरचे आठ डबे ओतले. पुढे त्याच पुस्तकात त्याच आकड्याखाली मी वाचलं, की तेल बदलताना निम्मंच बाहेर येतं, उरलेलं आत अडकून राहतं, निघेल तेवढंच परत भरायचं. दोन ओळी खाली नजर गेली असती तर! पण नाही. भाऊ कधी कुणाचं पुढचं वाक्य ऐकायलाच थांबला नाही, तर पुस्तकाचं कुठून वाचणार?

दुसऱ्या दिवशी निघालो. पुढे भाऊ आणि वहिनी, मागे मी, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा. एरंडोलपर्यंत भाऊ गाडीचं कौतुक सांगत होता. पारोळा मागे पडलं आणि गाडी नुसती ओरडायला लागली. इंजिन जोरात, चाकं जागच्या जागी. मग पुढून धूर. उतरून पाहिलं तर मागे रस्त्यावर दूरपर्यंत लाल रेघ. जास्तीचं तेल फेसाळून वरून बाहेर आलं होतं आणि तापलेल्या नळीवर जळत होतं. एप्रिलचं ऊन, सावलीला झाड नाही. भाऊ खिशातला पांढरा रुमाल काढून ते पुसत बसला. जाडजूड मानेवरून घाम ओघळत होता. क्षणभर दया आली मला त्याची. तेवढ्यात तो म्हणाला, "धुळेवाल्यांनी भेसळीचं तेल दिलं," आणि दया गेली.

मागून जळगावची एस्टी येताना दिसली. वहिनी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि हात वर केला.

"काय करतेस? लोक बघताहेत," भाऊ ओरडला. "तासाभरात चालू करतो मी!"

वहिनी वळली. इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "मना बाप वाट दखी ऱ्हायना. मी जास. तुम्ही बठा गाडीजोडे!"

मी तिच्या मागे चढले. खिडकीतून पाहिलं, तो रुमाल हातात धरून उभा होता. आमच्याकडे बघतही नव्हता, बॉनेटकडे बघत होता.

धुळ्याला बस बदलली, साक्रीला पुन्हा बदलली, पुढे बैलगाडी मिळाली. आबा जिवंत होते. वहिनीनं सांजोरीचा कण त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "परात बरी शे का, बेटा?" वहिनी म्हणाली, "बरी शे, आबा. रोज तिनामाच मळस." मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले आणि रडले. भाऊच्या नावानं शिव्या घालत रडले. आबा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गेले. भाऊ मातीला आला नाही. गाडी उघडलेली होती म्हणे.

त्यानंतर वहिनी दर आखाजीला एस्टीनं माहेरी गेली, आणि भाऊनं तोंडातून ब्र काढला नाही. गाडी आठवड्यातून एकदा बाजारपेठेपर्यंत जायची. शोकसभेत ज्या गाडीचं कौतुक झालं, ती गेली तीन-चार वर्षं अंगणात विटांवरच आहे. खाली कोंबड्या बसतात.

मागच्या आठवड्यात आखाजी झाली. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची घागर भरायची, म्हणून मी जळगावला गेले. वहिनीनं घागर भरली, सगळं रीतीनं केलं, काही कमी ठेवलं नाही. नैवेद्य वाढला तो भाऊच्या नावाच्या स्टीलच्या परातीत. मी स्वैपाकघरात गेले तर तिच्यापुढे आबांची पितळी परात. चिंच आणि राख लावून लावून हात सोलून निघालेले. कल्हई करून घेतलेली. तिच्यात पुरणपोळीची कणीक.

वहिनी मान वर न करता म्हणाली, "तेनी परात तेले, अक्का. मना बापनी माले."

पहिली पोळी तिनं मला वाढली. तेलाचा वास येत होता, थोडा. कोरलेल्या नावाच्या खाचांतून तो कधी जायचाच नाही. तिलाही येत असणार. मी दुसरी पोळी मागून घेतली.